दोनशे पायलीची तूट

ठाण्याला कोपरीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. लिफ्ट नाही. मी धापा टाकत पोचले, बेल वाजवली, तर दार उघडून या गृहस्थांनी नाव विचारलं नाही की पाणी विचारलं नाही. पहिला प्रश्न, "कामासाठी की सहज?"

मी म्हटलं, "कामासाठी. ऑडिटच्या ऑफिसातून आलेय."

"मग इथे बसा." त्यांनी भिंतीला टेकलेली एक पत्र्याची घडीची खुर्ची उघडून दिली. शेजारी चांगली गादीची खुर्ची रिकामी होती, पण तिच्याकडे त्यांनी बघूसुद्धा दिलं नाही. पत्र्याची खुर्ची ते हिशेब ठेवत त्या मंडळाची, गादीची घरची. मंडळाच्या कामाला आलेल्या माणसानं मंडळाच्या खुर्चीवर बसायचं, घरच्या गादीला उगाच झीज नको. आमचं बोलणं सुरू झालं आणि आतून त्यांच्या बायकोनं, काकूंनी विचारलं, "कुठे राहता हो तुम्ही?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर हे म्हणाले, "थांबा. आधी खुर्ची बदला."

मला वाटलं, गंमत करतायत. कसली गंमत! माणूस उभा राहून वाट बघत होता. मी उठले, गादीच्या खुर्चीवर बसले, डोंबिवलीत मानपाडा रोडला राहते म्हणून सांगितलं आणि परत पत्र्याच्या खुर्चीवर आले. त्या तासाभरात माझ्या पाच उठाबशा झाल्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि मी मनातल्या मनात ऑफिसातल्या साहेबांना शिव्या घालत होते.

खडवली स्टेशनच्या पलीकडे, नदीकडच्या अंगाला चाळीस घरांचं एक शेतकरी मंडळ आहे. त्याचे हे खजिनदार. मंडळ ना नफा ना तोटा तत्त्वावर, रीतसर नोंदलेलं. यांची स्वतःची तिथे वडिलांच्या नावची पाऊण एकर भातखाचरं. बाकी जन्म गेला ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून. कारखाना बंद झाला, मशिनं गेली, पण शेवटच्या दिवशी यांच्या स्टोअरमधला एकेक नट मोजून जुळला, असं काकू सांगायच्या. सांगताना त्यांना अभिमान वाटत होता की वैताग, ते मला कधी कळलं नाही.

माझं म्हणाल तर लेक शाळेत जायला लागल्यावर मी आठ वर्षांच्या खंडानंतर परत कामाला लागलेले. ठाणे स्टेशनजवळ एका सी.ए.कडे अर्धवेळ. मला घाई फार आणि राग त्याहून जास्त. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे जे रामायण झालं ते माझ्यामुळेच झालं.

मंडळाकडे सुरुवातीला पैसा नावाची गोष्टच नव्हती. होतं ते भात. अकरा घरांनी मिळून थोडं थोडं बियाणं एका कोठारात ठेवलं आणि ठरवलं, की पेरणीच्या वेळी ज्याला लागेल त्यानं न्यावं आणि पीक आलं की सवाईनं परत करावं. म्हणजे चार पायली नेलं तर पाच आणून द्यायचं. वरचं जे येईल त्यातून कोणाचं पीक बुडलं असेल त्याला पुढच्या वर्षी फुकट बियाणं. पुढे घरं वाढली, वरचं भात विकून एक पंप घेतला, मग जुनं मळणीयंत्र. ते भाड्यानं दिल्यावर पैसे यायला लागले. आधी बिस्किटाच्या डब्यात, मग लोखंडी पेटीत, आणि शेवटी कल्याणच्या बँकेत.

या बँकेची एक हकीकत आहे. खातं उघडून सहा महिने झाले आणि यांनी पासबुक भरून आणलं, तर त्यात व्याज जमा! हे तडक मॅनेजरसमोर.

"हे पैसे आमचे नाहीत."

"काका, तुमचेच आहेत. व्याज आहे ते."

"पण आम्ही काही केलंच नाही."

"पैसे ठेवलेत ना आमच्याकडे?"

"सांभाळायला दिलेत. सांभाळण्याचे पैसे तुम्ही आमच्याकडून घ्यायचे, उलटे देता काय?"

मॅनेजर बिचारा चांगला माणूस. त्यानं समजूत घालून चहा पाजला. त्या दिवशीच्या वहीत जमेच्या बाजूला यांच्या सुरेख अक्षरात नोंद आहे, "बँकेकडून चहा, एक कप. परत करणे शक्य नाही." मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली आहे.

अशा नोंदी किती सांगू? खडवली स्टेशनवरून गावापर्यंत शेअर रिक्षा. तिचं व्हाउचर, "रिक्षा, पुढची सीट, ड्रायव्हरशेजारी, अर्धे शरीर बाहेर. सबब दोन रुपये कमी दिले." मीटिंगच्या चहाचं व्हाउचर, "अर्धा कप. उरलेला अर्धा अध्यक्षांनी घेतला, त्यांचेकडून वसूल." मंडळाचं पेन उजव्या खिशात, स्वतःचं डाव्या. भाजीची यादी चुकून मंडळाच्या पेनानं लिहिली तर ती फाडून परत लिहायचे. काकू म्हणायच्या, "बाई, माझ्या नशिबात कोथिंबीरसुद्धा दोनदा लिहिलेली येते."

'फायदा' हा शब्द त्यांना चालत नसे. मंडळ ना नफा तत्त्वावर, तर बोलण्यातही नफा नको. कोणी म्हणालं, "भाऊ, या नव्या बियाण्याचा काय फायदा?" की लगेच, "फायदा नाही. उपयोग विचारा." गावातली मंडळी मुद्दाम डिवचायची. "भाऊ, आज आंघोळ केल्याचा लय फायदा जाला." हे गंभीरपणे म्हणायचे, "उपयोग झाला."

एकदा अध्यक्षांनी हौसेनं कोठाराच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला. दुसऱ्याच दिवशी खात्यात एक रुपया आला. पाठवणाऱ्याचं नाव, 'किंग भाई'. झालं! पावती द्यायला नको? हे तीन गावं पालथी घालून लोकांना विचारत फिरले, "आपल्याकडे किंग भाई कोण?" लोकांना वाटलं, भाऊ कसल्या लफड्यात सापडले. चौथ्या दिवशी किंग भाई सापडले ते अध्यक्षांच्याच ओटीवर, मांडी घालून मटण खाताना. अध्यक्षांचे जावई. कोड चालतो का बघायला एक रुपया टाकलेला. त्यांच्या डाव्या हातात पावती ठेवून, उजवा खरकटा म्हणून सही मागाहून घेऊन, हे शांतपणे घरी आले.

हे सगळं इतकं खुलवून सांगतेय, पण तेव्हा मला या माणसाचा विलक्षण राग यायचा. त्याचं कारण फोन. काही विचारायला फोन केला की म्हणायचे, "हा फोन माझा आहे. मंडळाचा नाही. आपण पत्र पाठवा." आणि ठेवून द्यायचे! ठाणे स्टेशनवरून कोपरीला पत्र? पाठवलं मी एकदा, तर उलट टपाली उत्तर आलं, खाली आवक क्रमांक, जावक क्रमांक. त्यानंतर मी ठरवलं, या म्हाताऱ्याला काही विचारायचं नाही. आपलं डोकं चालवायचं. इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

झालं होतं असं, की एक कंपनी मंडळाला भात वाळवायला पत्र्याची मोठी शेड बांधून देणार होती. कंपनीची अट, मागच्या पाच वर्षांचा हिशेब कॉम्प्युटरवर पाहिजे. पैशाचं सोपं होतं. भाताच्या वह्या मी ऑफिसात बसून उतरवायला घेतल्या. भात आत आलं की सभासदाच्या नावापुढे उभ्या रेघा, एका पायलीला एक रेघ. भात बाहेर गेलं की तशाच रेघा, फक्त त्यांच्या आधी एक शब्द, 'लाभ'.

आता तुम्हीच सांगा, लाभ म्हटल्यावर माणसाला काय आठवतं? दिवाळीच्या वहीवर कुंकवानं लिहितात ते शुभ-लाभ. मला वाटलं, म्हाताऱ्याची श्रद्धा. 'शुभ' का नाही, असा प्रश्नही पडला होता, पण इतका काटकसरी माणूस, शाई वाचवायला शुभ गाळलं असेल. मी लाभ सोडून दिला आणि रेघा मोजल्या. चाळीस घरं, पाच वर्षं. दोन दिवसांत काम फत्ते. माझी मीच पाठ थोपटली.

मग खडवलीला जाऊन कोठारातलं भात प्रत्यक्ष मोजायचं होतं. मोजलं. चारशे पायली. माझा हिशेब सांगत होता, सहाशे.

दोनशे पायली भात गायब.

साहेबांनी कागद बघून नुसती शीळ घातली. म्हणाले, "म्हणजे अर्ध्या चहाचं व्हाउचर लिहिणारे असे असतात तर." मंडळाला पत्र गेलं, की तूट आहे, खजिनदारांनी खुलासा करावा, पंधरा दिवसांनी रविवारी सर्व सभासदांसमोर भात पुन्हा मोजावं आणि निर्णय घ्यावा. निर्णय म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. तूट निघाली तर यांचं पद जाणार आणि पाठोपाठ नाव. एकोणतीस वर्षं सांभाळलेलं नाव.

खुलासा आणायला मलाच पाठवलं. मी पत्र्याच्या खुर्चीवर बसले. त्यांनी माझा कागद तीनदा वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. मी तयारीत होते, की आता आरडाओरडा होईल, मला शिकवतील, माझ्या साहेबांना पत्र लिहितील. तर ते म्हणाले, "रेघा तुम्ही मोजल्यात?"

"दोनदा."

"मग कागद बरोबरच असणार. माझंच कुठेतरी चुकलं. वय झालं, बाई."

काकू बाहेर आल्या. त्यांच्या हाताला कणीक होती. म्हणाल्या, "अहो, काय बोलताय? बाई, मी सांगते, या माणसानं मंडळाच्या गोणीची सुतळीसुद्धा कधी घरात आणलेली नाही. वाण्याला विचारा, सुतळी मी विकत घेते!"

"तू मध्ये बोलू नकोस," ते म्हणाले. "हे मंडळाचं काम चाललंय." आणि उजव्या खिशातलं पेन काढून लिहिलं, "तूट मान्य. कारण सापडत नाही. जबाबदारी माझी." खाली सही केली, तारीख घातली, एक प्रत स्वतःला ठेवली. मी जिना उतरले. खरं सांगते, मला तेव्हा शंका आली नाही, दया आली. तिची मला आज जास्त लाज वाटते. चूक माझी आणि दया त्यांच्यावर!

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी घरी शेवटची प्रत काढत होते. सहज, आधी घाईत न बघितलेल्या वर्षअखेरीच्या शिलकांवरून वर्षवार तूट काढली. पहिल्या वर्षी चाळीस पायली, दुसऱ्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षी चाळीस. पाचही वर्षं चाळीस. मी म्हटलं, हा चोर आहे की दूधवाला? दर वर्षी नेमकं तेवढंच? मग एका घराची ओळ बघितली. सात पायली नेलं, दहा परत केलं. सातची सवाई पावणेनऊ होते. दहा कशी? आठाची सवाई दहा. खालच्या घरी तीन नेलं आणि पाच परत. चाराची सवाई पाच. प्रत्येक घराला एक पायली कमी पडत होती.

मी वहीच्या पानाचा फोटो काढून आणलेला होता. तो मोठ्यानं वाचला, "लाभ, आणि पुढे सात रेघा."

सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आठ पायली."

"आठ कसे? रेघा सात आहेत."

"अगं, लाभ म्हणजे एक! माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. आमच्या गावाला सगळे असंच मोजायचे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुला ऑडिटच्या ऑफिसात ठेवलं कोणी गं?"

मी ताबडतोब फोन लावला. ते म्हणाले, "हा फोन माझा आहे." मी ओरडले, "काका, ऐका तरी!" तोवर ठेवला. परत लावला, बंद. शेवटी मी त्यांच्या काय, कोणाच्याच नादी न लागता रविवारी सकाळी कल्याणहून कसारा गाडी पकडली. लेकीला सासूबाईंकडे सोडलं. गाडी टिटवाळ्याला सिग्नलला थांबली तेव्हा मी दारात उभी राहून सिग्नलशी भांडत होते.

कोठारासमोरच्या अंगणात ताडपत्रीवर चाळीस घरांची माणसं बसली होती. दोघं जण लाकडी पायलीनं भात मोजत होते आणि हे बाजूला, पत्र्याच्या खुर्चीवर नव्हे, जमिनीवर बसले होते. खुर्ची मंडळाची. आरोपीनं त्यावर कसं बसायचं, असं त्यांनी कोणालातरी सांगितलं म्हणे. मोजणी दोनशे दहावर आलेली.

"थांबा!" मी ओरडले. "चूक माझी आहे!" आणि सगळं सांगितलं. लाभ, शुभ-लाभ, रेघा, सवाई, सासूबाई, गवार, काही म्हणून ठेवलं नाही. सांगताना माझा आवाज चिरका झाला होता. माझं बोलून झालं. मग मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "आरं, चोर गावला! दोनशे लाभ ताईनंच खाल्लं!"

काय हसले लोक! अध्यक्षांना ठसका लागला. माझा हात धरून बायकांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं. कोणी विचारलं, "पन भाऊ, लाभ तं भात घरात येताना म्हनतात. तुमी देताना कशापायी म्हनता?" ते म्हणाले, "लाभ नेणाऱ्याला व्हायचा. मंडळाला लाभ कशाला? मंडळ ना नफा." इतकं सरळ, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण ते स्वतः हसत नव्हते. म्हणाले, "मोजणी थांबवू नका. बाई म्हणतात ते खरं की खोटं, ते माप सांगेल. संपू दे."

मोजणी चालू झाली. तीनशे नव्वद. चारशे. रास अजून शिल्लक. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चारशे वीस. चारशे चाळीस. चारशे साठ झाल्यावर यांनी खाकरून हात वर केला, वर्गात करतात तसा. "साठ पायली माझी. पेन्शनमधून घेऊन परवा टेम्पोनं आणून टाकली. एवढीच जमली. बाकीची पुढच्या महिन्यात टाकणार होतो. सभेच्या परवानगीशिवाय टाकली, त्याचा दंड लावा."

"आरं काय मानूस हाय का कोन!" अध्यक्ष म्हणाले. काकूंना हे माहीत होतं की नाही, देव जाणे.

तरी भात संपेना. पाचशे झालं. साडेपाचशे झालं. मोजणारा घामाघूम. शेवटचा दाणा पायलीत पडला तेव्हा आकडा होता सहाशे चाळीस.

ते उठून उभे राहिले. "चारशे मंडळाची. साठ माझी. ही एकशे ऐंशी पायली कोणाची?"

माणसं ताडपत्रीवरचे खडे वेचायला लागली.

"मी विचारतोय. मंडळात आगंतुक भात आलंय. कोणी टाकलं?"

कोठाराची किल्ली काशीआक्काच्या दारात खिळ्याला असते. आक्का सत्तरीची, एकटी राहते, जीभ तिखट. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "समद्यांनी टाकलं. उंदरं बघायला येतो म्हनून येकेक जन किल्ली घेऊन जायचा, पाठीवं गोनी. मी काय आंधली हाय? येवडी उंदरं कंच्या कोठारात असतात?"

"कशासाठी?"

"तुमचं भरायला. अजून कशासाठी?"

त्यांनी हळू विचारलं, "म्हणजे तुम्हा सगळ्यांना वाटलं, भात मी खाल्लं?"

मला वाटलं आता सगळे नाही-नाही म्हणतील. काशीआक्का म्हणाली, "वाटलं ना. कागद आलेला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, खाल्लं असंल तं नड असंल. घरात सांगन्यासारकी नसंल. येवडी वर्सं तुमी आमचं राखलं, येक डाव आमी तुमचं राखू."

"मला चोर समजून?"

"हां."

"आणि तरी?"

"आता तरी काय नि फिरी काय, भाऊ. सभा आटपा. जेवान निवतंय."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अर्ध्या चहाचा हिशेब देऊन ज्यानं आपलं नाव एकोणतीस वर्षं स्वच्छ ठेवलं, त्याला त्याच लोकांनी चोर ठरवून जवळ घेतलं होतं. तो हिशेब त्यांना मांडता येईना. मग ते सगळ्यांसमोर रडले, चष्म्यासकट. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, पुरुषांनी तंबाखूच्या पुड्या काढल्या. मी तर केव्हाची रडत होते.

थोड्या वेळानं त्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाले, "ज्याचं त्यानं घेऊन जा. कोणाचं किती?" कोणी सांगेना. "माजं नाय." "मी टाकलंच नाय." "मी तं उंदरं बघायला गेलेलो." चाळीस घरांत एकानंही एक पायली कबूल केली नाही. आणि पावतीशिवाय भात ठेवायचं तर मंडळाच्या कोठारात ते शक्य नव्हतं.

त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. या माणसानं उभ्या आयुष्यात कोऱ्या कागदावर सही केलेली नव्हती. कारखान्यात एकदा मालकानं सांगितलं तरी केली नव्हती, म्हणून पगारवाढ गेली होती, हे काकूंनीच मला सांगितलेलं. त्यांनी पहिल्या पावतीवर काशीआक्काचं नाव घातलं. किती पायली, तो रकाना रिकामा सोडला. खाली सही केली आणि पावती फाडून तिच्या हातात दिली.

"आकडा तू भर, आक्का. तुला वाटेल तो. मी बघणार नाही."

मग दुसरी. मग तिसरी. एकेक घर पुढे येत होतं, ते नाव लिहीत होते, रकाना सोडत होते, सही करत होते. चाळीस कोऱ्या पावत्या. ऑडिटवाली म्हणून मी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. मी त्यांच्या पिशवीतलं शाईचं पॅड उघडलं आणि ते सही करतील त्या प्रत्येक पावतीवर मंडळाचा शिक्का मारत त्यांच्या शेजारी बसले.